त्याला वाट माहीत होती

ओटावाहून गाडीने गास्पे द्वीपकल्पावर जायचं नवऱ्यानेच ठरवलं. आपण दोघंही पहिल्यांदाच जातोय, असं तो म्हणाला होता.

द्वीपकल्पाच्या टोकाकडे फोनचं नेटवर्क गेलं आणि नकाशा अडकला. पुढे फाटा लागला, पाटी नव्हती. पण याने जराही न थांबता गाडी डावीकडे घातली. थेट कड्यांपाशी पोहोचलो. 

कडे सरळ समुद्रात उतरलेले. त्यांच्या खाचांमध्ये पक्षी दाटीवाटीने बसलेले, आणि कलकलाट इतका की बोललेलं ऐकू येईना. सील बघायचे तर वळणापलीकडे जावं लागेल, असं तो सहज बोलून गेला. खडकांवर सील खरंच पसरले होते. मी मात्र नवऱ्याकडे बघत होते.

दुपारी गावातल्या बेकरीत गेलो, तर काउंटरमागच्या बाईने त्याला हसून फ्रेंचमध्ये विचारलं, आता गुडघा कसा आहे? माझं फ्रेंच ऑफिसपुरतं, पण तेवढं कळलं. गुडघा मागच्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, दुखावला होता. ऑफिसच्या कामासाठी मॉन्ट्रियलला गेलो असताना हॉटेलच्या जिन्यात पडलो, असं त्याने मला सांगितलं होतं.

दीपगृहाच्या पायवाटेवर तो पुढे चालत होता. एक साळिंदर आमच्यासमोरून सावकाश झुडपात शिरलं, तेही मी धड पाहिलं नाही. शेवटी विचारलंच.

"कुणाबरोबर आला होतास?"

"एकटाच." वाटेकडेच्या बाकावर टेकत तो म्हणाला, "त्याच आठवड्यात नोकरी गेली होती. तुला सांगायची हिंमत होईना. गाडी काढली आणि रस्ता संपेपर्यंत चालवत आलो. गुडघा इथेच दुखावला."

नोकरी गेल्याचं मला खूप नंतर कळलं होतं. तोवर तो रोज डबा घेऊन कनाटाच्या ऑफिसला जायला निघायचा.

मग आता मला इथे का आणलंस, असं मी विचारलं. इथे आलं की सांगता येईल असं वाटलं होतं, पण जमत नव्हतं, म्हणाला.

खाली पाण्यात देवमाशाची पाठ वर आली, तशी माणसं कठड्याकडे धावली. आम्ही बाकावरच बसून राहिलो. मला संताप आला होता, आणि दुखऱ्या गुडघ्याने हा या कड्यांवर एकटा हिंडत होता या विचाराने वाईटही वाटत होतं.

तो एकटाच आला होता यावर मी विश्वास ठेवला, बराचसा. पण आजही ग्रोसरीला गेलेला तो उशिरा परतला, की कुठे कुठे थांबलो ते आपणहून सांगतो. मी ऐकते, आणि मनातल्या मनात त्याने सांगितलेला रस्ता पुन्हा एकदा चालून बघते.