साव-हाची मिशी

हाँगकाँगच्या स्टंटवाल्यांत फुंग साव-हासारखं पडणारं दुसरं कुणी नव्हतं. हिरोची लाथ खरी वाटते ती लाथ खाणाऱ्यामुळे. टाळ्या मात्र हिरोला. साव-हाला त्याचं काही वाटत नसे. तिला सलत होतं ते वेगळंच.

लहानपणीच आईनं तिला क्वान सिफूंच्या चिनी ऑपेराच्या शाळेत टाकलं होतं, जिथं गाण्याबरोबर कसरतीही शिकवत. सिफू म्हणजे गुरू, बाप आणि वेताची छडी, सगळं एकाच माणसात. त्यांनी तिच्याकडून कोलांट्या घोटून घेतल्या. पुढं ऑपेराकडे कुत्रंही फिरकेना, तेव्हा साव-हा सिनेमात गेली आणि म्हातारा भडकला.

"तिथं चुकलं की पुन्हा करतात! ही काय विद्या झाली? आजपासून तू माझी शिष्या नाहीस."

त्यांच्या जगात याहून मोठी शिक्षा नाही. साव-हानं ती वर्षानुवर्षं गिळली. पण शाळेला टाळं लागलं, सिफू थकले, तेव्हा तिला राहवेना. हातापाया पडून ती त्यांना आपल्या सिनेमाच्या दुपारच्या खेळाला घेऊन गेली. एकदाच बघा म्हणाली.

थिएटर गोदीतल्या आणि गिरणीतल्या माणसांनी गच्च भरलेलं. दिवसभर मालकाचं ऐकून घेणाऱ्यांना इथं कुणीतरी उलटून मारताना दिसायचं, तेही खऱ्या हाडामांसाच्या अंगानं. म्हणून तर ही माणसं धावत यायची.

पडद्यावर नायिका तलवार घेऊन उडाली.

"ही तू?" सिफूंनी ऊस चघळत विचारलं.

"नाही."

"कशी असशील! पोटऱ्या बघ. केसांचा टोप घातलेला बाप्या आहे तो."

साव-हाला हसू आवरेना. बाईच्या जागी पुरुषच उड्या मारायचे. म्हणून तर तिनं भांडून पुरुषाचं काम मागून घेतलं होतं. मिशी चिकटवून, गुंडाचं.

तो गुंड आला. छातीत लाथ बसली, कठडा फुटला, आणि चहाघराच्या माडीवरून तो थेट खालच्या टेबलावर पाठीवर आदळला. मध्ये कट नाही, दोरी नाही. चुकलं असतं तर पुन्हा करायला पाठच उरली नसती. सगळं थिएटर हिरोच्या नावानं ओरडलं.

एकटे सिफू उठून उभे राहिले. "शाब्बास रे मिशीवाल्या!"

"ओ आजोबा, खाली बसा! गुंडाला कसली शाबासकी?" मागून कुणीतरी खेकसलं.

सिफू तिच्याकडे वाकले. "कोण गं हा? कुणाच्या हाताखाली तयार झालाय?"

साव-हा म्हणाली, "ज्यांनी मला हाकललं, त्यांच्याच."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. उसाचं कांडकं हातातच राहिलं.

"बसताय की नाही?" मागचा पुन्हा ओरडला.

सिफू गर्रकन वळले आणि अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असे गरजले, "गप रे! माझी शिष्या आहे ती!"