गच्चीवरचा डबा

ऐरोलीहून महापेला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बसला की चष्मा कपाळावर सारायचा आणि मोबाइलवर एकच आकडा बघायचा. मोबाइलचं नेटवर्क गेलं तरी बिल्डिंगमधल्या लोकांना एकमेकांना मेसेज पाठवता यावेत, म्हणून त्याने प्लास्टिकच्या डब्यात एक यंत्र बसवून सोसायटीच्या गच्चीवर ठेवलं होतं. वर सोलर पॅनल, आत बॅटरी. ती किती टक्के भरली, ते डबा स्वतःच त्याच्या घरच्या इंटरनेटवरून मोबाइलवर कळवायचा.

भर उन्हात आकडा उतरला की तो करवादायचा, "घातली परत कुणीतरी गोधडी वाळत पॅनलवर!"

मग कमिटीने शोध लावला की हा टॉवर आहे आणि याने कॅन्सर होतो. डबा गायब झाला. सेक्रेटरी म्हणाले, भंगारात दिला.

आकडा मात्र येतच होता, रोज थोडा उतरत.

"भंगारात कसला? घरी त्याचा सिग्नल फुल येतोय. खाली सोसायटीच्या ऑफिसात, कपाटात कोंबलाय. बंद करायचीसुद्धा अक्कल नाही."

"मग मागून घ्या ना."

"मागितला. कपाट उघडत नाहीत. वर मलाच विचारतात, आमच्यावर विश्वास नाही का?"

त्यानंतर आम्ही दोघं रोज त्या डब्याचं मरण बघत महापेला जायचो. एका सकाळी आकडा आलाच नाही. त्याने चष्मा नाकावर घेतला, मोबाइल खिशात टाकला.

"गेला," तो म्हणाला. "शेवटपर्यंत खरं बोलत होता. अख्ख्या सोसायटीत तेवढा एकच."