कोठीतली सीताफळं

"चोर हाईस तू! बापाच्या तोंडचा घास पळवतो, मुडद्या!"

आबा एवढ्या जोरात ओरडत होते की परळीच्या थर्मल वीज केंद्राचा भोंगा लाजावा. मी गव्हाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून, त्यांनी पिकायला घातलेली सीताफळं एकेक बाहेर काढत होतो. बावीस निघाली. सांगताना मी दोनशे सांगतो. सगळी त्याच दिवशी गल्लीत वाटून टाकली.

आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तेव्हा मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. साखर बंद करा, गाठ उपाशी मरते. झालं! त्या दिवसापासून जिल्ह्यात माझ्याएवढा मोठा डॉक्टर नव्हता. साखर गेली, गूळ गेला, केळी गेली. मुंगी घराबाहेर निघाली तरी मी तिची झडती घ्यायचो. आबांनी उभा जन्म साखर कारखान्यात साखर शिजवली, आणि त्यांच्यापुढं मी फिका चहा ठेवायचो.

"एक तरी खाऊ दी की रे," माय म्हणायची.

"तुला नवरा पायजे का सीताफळ?"

माय उठून चुलीकडं जायची.

दीड महिन्यानं अंबाजोगाईच्या दवाखान्यात आबा वजनकाट्यावर चढले, तर काटा हललाच नाही, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे नऊ किलो उतरले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खातात?" मी छाती फुगवून सगळं पथ्य सांगितलं.

"शुगर आहे का त्यांना?"

"न्हाई."

"मग हे कुणी सांगितलं? साखर तोडून गाठ मरत नाही. पोटभर जेवू द्या, फळं द्या. अंगात ताकदच नसली तर पुढचे उपचार सोसायचे कसे?"

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सीताफळाचा हंगाम सरला होता. पार धर्मापुरीकडच्या माळापर्यंत हिंडलो, झाडांवर नुसती काळी, वाळकी बोंडं. शेवटी परळीच्या बाजारात एका बाईकडं चार मिळाली, लिंबाएवढी. घरी येऊन फोडली, बिया काढल्या, गर वाटीत घेतला आणि आबांच्या उशाशी बसलो. सकाळपासून त्यांच्या पोटात दोन घोट पेज होती.

"आबा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. खा."

त्यांनी वाटीकडं बघितलं.

"ठिव तिथं," म्हणाले. "पोट भरलंय."