आबांना मी उठवलं

"मेजर, म्हाताऱ्याला उठव. पाहुण्यांची मंडळी आलीय."

आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब हे कानात बोलले असते तरी एक वेळ चाललं असतं. ते मोठ्यानं बोलले. पहिली रांग वळून बघायला लागली. म्हातारा म्हणजे माझा बाप. तो बसला होता ती खुर्ची मीच आदल्या संध्याकाळी मांडलेली. तिच्या पाठीवरची चिठ्ठीही मीच डिंकानं चिकटवलेली. 'माजी सैनिक व कुटुंबीय.'

"कुठं बसवू?" मी विचारलं.

"जिन्यावर बसव की. खाली बसायची सवय असते त्यांना."

मी म्हणालो, "यस सर."

आणि बापाच्या दंडाला धरून बापाला उठवलं.

हे आधीच सांगून टाकतो. पुढं एका ठिकाणी मी जरा शूर वाटेन, तेव्हा हे विसरू नका. उठवणारा हात माझाच होता.

पंधरा वर्षं मी फौजेत होतो. बर्फातल्या एका चौकीवर डाव्या पायाची दोन बोटं ठेवून आलो. नाईक म्हणून घरी आलो, आणि माजी सैनिकांच्या राखीव जागेवर जळगावच्या एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून चिकटलो. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं ती. पहिल्याच दिवशी साहेबांची घंटा वाजली आणि मी बाकावरून ताडकन उठून सावधान झालो. आत जाऊन टाचा जुळवल्या, कडक सलाम ठोकला. साहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. सगळी कचेरी पोट धरून हसली. मीपण हसलो. तिथंच चुकलो.

फौजेला मला नाईक करायला आठ वर्षं लागली होती. कचेरीनं तीन दिवसांत मेजर केलं. "मेजर, चहा." "मेजर, फाईल." "मेजर, खालून पान आण." मला ते आवडायला लागलं, हे कबूल करतो. वाटायचं, ही माणसं आपल्याला मानतात. बाहेरगावचा कोणी आला की साहेब म्हणायचे, "मेजर, दाखव रे ती सलामी." की मी टाचा आपटून दाखवायचो. दोन बोटं नसल्यामुळं तोल थोडा जायचा, त्याला जास्तच हशा पडायचा. पुढं पुढं मी मुद्दाम जास्त डुलायला लागलो.

एक गोष्ट मला माहीत होती आणि मी ती कुणाला सांगितली नव्हती. डोक्यावर टोपी नसली तर फौजेत सलाम ठोकत नाहीत. बोडक्या डोक्याचा माणूस सावधान होतो, छाती काढतो, बस. हात वर जात नाही. रंगरूट असताना पहिल्या आठवड्यात हे शिकवतात, आणि चुकलं तर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. मी मात्र कचेरीत रोज बोडक्या डोक्यानं हात वर करत होतो. कशासाठी? चार बाबू हसावेत म्हणून.

अजून एक माझा शहाणपणा ऐका. भाऊसाहेब मला कधी पाणी आणायला सांगायचे नाहीत. बाकी सगळ्यांना मी पाणी द्यायचो. ते मात्र स्वतः उठून माठाकडे जायचे. मी धावलो की म्हणायचे, "राहू दे मेजर, तू कशाला त्रास घेतोस." मी घरी बायकोला सांगायचो, आमचे हेडक्लार्क फार प्रेमळ माणूस. दोन वर्षं सांगत होतो. शेवटी एकदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचा हात लागलेलं पाणी ते पीत नाहीत. एवढं कळत नाही?"

नव्हतं कळलं. फौजेत एका पातेल्यातलं खाऊन खाऊन माझी अक्कल बोथट झाली होती.

तर वरून परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांमध्ये जे माजी सैनिक असतील त्यांचा सव्वीस जानेवारीला सहकुटुंब सत्कार करावा. आमच्या कचेरीत माजी सैनिक एकच. साहेब म्हणाले, "मेजर, घरच्यांना घेऊन ये. तयारी तूच कर, तुला शिस्त आहे."

माझ्या सत्काराची तयारी माझ्याकडेच. मंडपवाल्याकडून खुर्च्या मी आणल्या. नारळ मी आणले. शाली आणायला भाऊसाहेबांनी मलाच पाठवलं. पाहुण्यांसाठी दोन जाड, आणि एक साधी. मी दुकानदाराला म्हणालो, "शेठ, हलकीतली हलकी काढा. कुणाच्या तरी अंगावर फोटोपुरती टाकायची आहे." शेठनं अशी काढली की आरपार त्याचा गल्ला दिसत होता. मी खूश झालो. परत येताना सायकलवर, निम्म्या रस्त्यात, डोक्यात उजेड पडला. पाहुणे दोन. शाली तीन. मग तिसरी कुणाची?

त्यावरही मी हसलो. रात्री बायकोला हसतच सांगितलं. ती हसली नाही.

आबांना मी गावाहून बोलावून घेतलं. गाव पारोळ्याच्या पुढं, धुळ्याच्या अंगाला. आमचं घर गावाच्या खालच्या कडेला, जिथं सगळ्या गावाचं सांडपाणी उतरतं तिथं. आबांनी उभा जन्म गावकी केली. दवंडी, निरोप, मेलेलं ढोर ओढणं. निरोप घेऊन गेले की पाटलाच्या ओट्याखाली उभे राहायचे. पाटलाचं जेवण होईपर्यंत, झोप होईपर्यंत. मी लहानपणी बरोबर असायचो. मला आबांचा चेहरा आठवत नाही, गुडघे आठवतात. माझ्या डोळ्यांसमोर तेच असायचे.

एस.टी.तून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "माले खुर्ची भेटी का रे भो?"

"पहिल्या रांगेत, आबा. चिठ्ठी लावलीय वर."

"हालस तं नही ना? पडनू तं बठ्ठा लोके हासतीन."

सकाळी झेंडावंदन झालं. मी जुनी काळी टोपी घातली होती, छातीवर पदकांच्या पट्ट्या. झेंड्याला सलाम दिला. तो खरा होता. आबा खुर्चीवर बसले होते, पण अगदी कडेला, जणू निम्मी खुर्ची दुसऱ्या कुणाची. शेजारी बायको. मी जवळ गेलो तर म्हणाले, "नही हालत." तोंडभर हसले. पुढचे दोन दात नव्हते.

मग भाऊसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मेजर, पाहुण्यांना पाणी-नारळाचा ट्रे तूच धर. दुसरा शिपाई रजेवर आहे. आणि ती टोपी काढ. ट्रे धरून बरी नाही दिसत."

मी टोपी काढली आणि सांभाळायला आबांच्या मांडीवर ठेवली.

त्यानंतर पाहुण्यांची गाडी आली. शहरातले एक बडे गृहस्थ, त्यांची पत्नी, मेहुणा, मेहुण्याची बायको-मुलं. एवढी माणसं येणार हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हाचं भाऊसाहेबांचं वाक्य मी वर लिहिलंच आहे. बायको तर कुणी सांगायच्या आधीच उठून भिंतीकडे गेली होती. तिला या गोष्टी लवकर कळतात. आबांना मी उठवलं. ते उठले, टोपी मात्र हातातून सोडली नाही. मी त्यांना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसवलं. खुर्चीवरची चिठ्ठी मेहुण्याच्या मुलानं नखानं खरवडून काढली.

मी आबांना चहा नेऊन दिला. त्यांनी घेतला नाही. माझ्या हातातल्या ट्रेकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी पाटीलना दारमा उभा ऱ्हायनू. तू सायेबना. मंग पंधरा वरीस तठे फौजमा कसाले गया व्हता?"

चिडून नाही बोलले. खरंच विचारत होते.

बर्फात बोटं गेली तेव्हा डॉक्टरनं टोचून विचारलं होतं, दुखतंय का. तेव्हा काही जाणवलं नव्हतं. नंतर दुखलं.

माइकवर माझं नाव पुकारलं. निवेदन करणाऱ्या बाबूनं वाचलं, "यांनी देशासाठी हाताची दोन बोटं अर्पण केली." सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. दहाही बोटांनी मी ट्रे धरलेला. कोणीतरी खुसखुसलं. मी ट्रेसकट पुढं गेलो. ट्रे घ्यायला कुणी आलं नाही, म्हणून पाहुण्यांनी ती आरपार शाल तशीच माझ्या खांद्यावर टाकली. माझ्याच ट्रेमधला नारळ उचलून माझ्याच ट्रेमध्ये ठेवला. फोटो निघाला.

साहेबांना उत्साह आला. माइक ओढून म्हणाले, "आमच्या मेजरची एक खासियत आहे. मेजर, ठेव तो ट्रे. दाखव पाहुण्यांना सलामी."

मी ट्रे टेबलावर ठेवला. टाचा जुळल्या. सवयच ती. पण हात मांडीला चिकटून राहिला. मी त्याला थांबवलं असं म्हणणार नाही. तो गेलाच नाही वर.

"मेजर, सलामी!"

"साहेब, डोक्यावर टोपी नाही. बोडक्या डोक्यानं सलाम होत नाही."

हशा पिकला. त्यांना वाटलं, नवा विनोद. साहेब म्हणाले, "मग घाल की टोपी. अडवलंय कुणी?"

"टोपी माझ्या वडलांकडे आहे. वडील जिन्यावर बसलेत. त्यांना खुर्ची मिळाली की टोपी येईल."

माइक समोरच होता. सगळ्या आवारात ऐकू गेलं.

हशा थांबला. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. बाराही खुर्च्या भरलेल्या. मी एकेका चेहऱ्याकडे पाहत थांबलो. कुणी घड्याळ पाहिलं, कुणी चप्पल चाचपली. मेहुण्याचा मुलगा आईकडे बघायला लागला, तिनं त्याला दाबून बसवलं. एकही खुर्ची रिकामी झाली नाही.

जिन्यावर आबा उठून उभे राहिले. हात जोडून सगळ्यांची माफी मागितल्यासारखी मान हलवली आणि टोपी छातीशी धरून फाटकाकडे चालू लागले. मी शाल काढली, घडी केली, ट्रेमध्ये ठेवली. बायको आधीच निघाली होती.

रस्त्यावर आबांना गाठलं. वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ते संतापले होते. "कसाले बोलना रे भो तू? नोकरी जाई ना! मी बसनू व्हतू ना पायरीवर. मन्हं काय जाई ऱ्हायनं व्हतं?"

त्यांनी त्याच दिवशीची एस.टी. धरली. पुन्हा जळगावला आले नाहीत.

नोकरी गेली नाही. मेमो आला. समारंभात पाहुण्यांचा अवमान केला, सात दिवसांत खुलासा करा. भाऊसाहेबांनी माफीचा मजकूर स्वतः तयार करून दिला, म्हणाले, "सही कर मेजर, मिटवून टाकू." मी त्यांच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, "चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवरून मी माझ्या वडलांना उठवलं, ही माझी चूक आहे. दुसरी चूक केलेली नाही." खाली सही. नाईक, निवृत्त, असंही लिहिलं. महिन्याभरात धुळ्याला बदली झाली. तिथं मला भांडार दिलं, म्हणजे मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली. सरकारलाही कधी कधी गंमत सुचते.

पहिल्याच दिवशी तिथला बाबू म्हणाला, "जळगावचे मेजर तुम्हीच का?" मी म्हणालो, "हजेरीपटात माझं नाव आहे. त्या नावानं हाक मारा." त्यानं मारली. बाकीचे लोक चारेक महिने वेगवेगळ्या हाका मारून थकले. मी वळायचो नाही.

आबा त्याच वर्षी उन्हाळ्यात गेले. टोपी त्यांच्या उशाखाली सापडली. ती त्यांनी मला परत दिली नव्हती, मी मागितली नव्हती.

पुढल्या सव्वीस जानेवारीला धुळ्याच्या कचेरीतही तसाच सत्कार निघाला. मला मिळणार होता, मी नाही म्हणून लिहून दिलं. दुसरं नाव आमच्या झाडूवाल्या अक्काचं. तिचा नवरा सैनिक, सीमेवर मारला गेलेला. खुर्च्या मांडायला अर्थातच मी. अक्का पहिल्या रांगेत बसली, तीही कडेलाच. थोड्या वेळानं बाबू आला. "अहो, तिला जरा मागं घ्या. साहेबांच्या घरचे आलेत."

"मी घेत नाही," मी म्हणालो. "तुम्ही घ्या. मी बघतो."

अक्का आपणहून उठायला लागली. मी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागं उभा राहिलो. "अक्का, बसा."

कार्यक्रम संपेपर्यंत मी तिथंच उभा होतो. पायाची नसलेली बोटं ठणकत होती. अक्का बसली म्हणून आबांचं उठणं पुसलं जात नाही. ते माझ्या नावावर कायमचं लागलं आहे.

दुसरा मेमो आला. खुलाशात मी लिहिलं, यापुढं खुर्च्या मी मांडीन, मांडलेल्या खुर्चीवरून माणूस उठवणार नाही. आदेश कुणाचाही असो. सही केली, टोपी घातली आणि कागद स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सलाम केला नाही.