आईनं शिवलेली वाम

मागच्या महिन्यात फोनवर एक व्हिडिओ बघितला. खोल समुद्राच्या काळोखात एक काळी, सापासारखी लांब वाम संथ चालली होती आणि एकाएकी तिचं तोंड फुग्यासारखं फुललं. पेलिकन ईल. आई असती तर तसाच फोन घेऊन तिच्याकडे धावले असते.

आई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला जायची. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजात प्राणिशास्त्राचं प्रदर्शन होतं, त्यासाठी मी याच ईलची प्रतिकृती करायचं ठरवलं आणि पुस्तकातलं चित्र आईला दाखवलं.

"ही तर आपली वामच की," ती म्हणाली. उजनी धरणातली वाम आमच्या बाजारात यायची. "पर तोंड केवडं हे! खाती तरी काय?"

"कोळंबीसारखे बारीक जीव. कधी एखादा मासा."

"एवड्या तोंडानं कोळंबी?" ती हसत सुटली.

मी सांगितलं, तिथं खाली उजेड नाही, खायला फार थोडं मिळतं. म्हणून ही जबडा उघडते आणि समोर येईल ते पाण्यासकट जाळ्यात धरल्यासारखं आत घेते. मोठं काही आलंच, तर पोटही ताणलं जातं. शेपटीचं टोक उजळतं. त्याला भुलून भक्ष्य जवळ येत असावं म्हणतात, पण नक्की कुणालाच ठाऊक नाही.

ऐकता ऐकता आईनं जुनी छत्री उसवायला घेतली होती. छत्रीच्या काड्यांचा जबडा, तिच्याच काळ्या कापडाचं तोंड, चिंध्या भरलेली लांबलचक शेपटी, टोकाला लाल दिवा. डोळे फार बारीक असतात म्हटल्यावर तिनं ब्लाउजची दोन टिचभर बटणं लावली. सुट्टीचा अख्खा दिवस त्यात गेला.

तोंड झकास उघडायचं, पण मिटायचं नाही. आत हवा कोंडून कापड तट्ट फुगायचं. मी जोरात दाबलं तशी एक काडी वाकली आणि मला रडूच फुटलं.

"गप की. मला सांग, तोंडात घेतलेलं पानी जातं कुटं?"

"कल्ल्यांतून बाहेर..." म्हणता म्हणता मी थांबले. कल्ल्यांच्या फटी ठेवायलाच विसरले होते. आईनं दोन्ही बाजूंना कात्रीनं चिरा दिल्या, कडा दुमडून शिवल्या. तोंड मिटलं आणि फटींतून फुस्सकन हवा माझ्या हातावर आली. मग आम्ही दोघी ते नुसतं उघडत-मिटत बसलो. स्वयंपाक राहिला तो राहिलाच.

प्रदर्शनाला आई ठेवणीतली साडी नेसून आली. बक्षीस हृदयाच्या प्रतिकृतीला मिळालं. पण पोरांची गर्दी आमच्यापुढे. पोरं जबड्यात शेंगदाणे टाकत, आई ईलचं तोंड मिटून म्हणे, "गिळलं बगा!" दुपारपर्यंत मी नुसती बाजूला उभी होते.

परतताना रिक्षात ईल आईच्या मांडीवर आडवी.

"अम्मा, ये क्या है?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"वाम हाय. समुद्रातली, लई खोल ऱ्हाती."

"काटती क्या?"

"न्हाय ओ. दात लई बारके हायत तिचे," आई म्हणाली आणि बाहेर लोंबणारी शेपटी तिनं अलगद आत ओढून घेतली.