चुका काढणाऱ्या बाई

सांगलीच्या एका हायस्कूलमध्ये मी अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं. नवऱ्याच्या नोकरीपायी न्यू जर्सीला आले तेव्हा व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. पुढे परवानगी मिळाली, तर शिकवायला कुणी बोलावेना. या देशात माझ्याकडून इंग्रजी शिकणार कोण? म्हणून पिस्कॅटवे गावाच्या बाजूला एका लायब्ररीत, शनिवारी सकाळी परदेशी लोकांना इंग्रजी बोलायला शिकवण्याचं बिनपगारी काम मी घेतलं. जाताना लाल पेन घरून नेलं. जित्याची खोड, दुसरं काय.

तिथे मला सिस्टर भेटल्या. आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या, साठीला टेकलेल्या, शिक्षण सगळं फ्रेंचमधून. तिकडे तीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या नर्स होत्या. इथे एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवायचं, त्यांचे डायपर बदलायचे. नर्सचं लायसन्स हवं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी, आणि बोलण्याच्या परीक्षेत त्या एकदा नापास झाल्या होत्या. आमच्याकडे नर्सला सिस्टर म्हणतात असं मी सांगितलं, तर त्यांनी मला ते परत एकदा म्हणायला लावलं. इथे त्यांना तशी हाक कुणी मारत नव्हतं.

त्यांचं इंग्रजी उलट्या टोकाने आलेलं. भलीमोठी क्रियापदं त्यांना आधीच येत होती, कारण फ्रेंचमध्येही ती जवळपास तशीच असतात. जेवण त्या ‘कमेन्स’ करायच्या, पेशंटची तब्येत बिघडली की ‘अ‍ॅग्रव्हेट’ व्हायची. गाडी अडायची ती गेट, टेक, पुट असल्या चिमुकल्या शब्दांपाशी, ज्यांच्यामागे अप आलं की एक अर्थ आणि ऑफ आलं की भलताच. मी हात धुऊन मागे लागले. इथे असं कुणी बोलत नाही, म्हणत त्यांच्या वहीतले भारदस्त शब्द खोडायचे आणि वर छोटे लिहायचे. ‘अ‍ॅग्रव्हेट’ मी दोनदा खोडला, दुसऱ्यांदा जरा जोरातच. त्या मान हलवून उतरवून घ्यायच्या. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. मला वाटलं, आता विचार करून बोलायला लागल्या. चक्क बरं वाटलं मला.

फेब्रुवारीत एका शनिवारी त्या आल्याच नाहीत. पुढच्या शनिवारी आल्या, वही न उघडता बसल्या आणि सांगू लागल्या. वृद्धाश्रमातल्या एका आजोबांना त्या रोज भरवायच्या. गेल्या आठवड्यात एका दुपारी भरवताना आजोबांच्या ओठांचा रंग बदलला, श्वास वेगळाच लागला. तीस वर्षांच्या नजरेला कळायला कितीसा वेळ लागतो? त्या ड्यूटीवरच्या नर्सकडे धावल्या. ती तरुण मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघत होती. ‘अ‍ॅग्रव्हेट’ सिस्टरच्या ओठांवर आला होता, पण तो मी खोडलेला. मग त्या मी वर लिहिलेला छोटा शब्द शोधत राहिल्या आणि तो काही सापडेना. नर्स म्हणाली, सावकाश सांगा, घाई नाही. अर्धं मिनिट तरी गेलं असेल. शेवटी त्यांनी नर्सची बाही धरून तिला ओढत नेलं. अ‍ॅम्ब्युलन्स आली. दोन दिवसांनी आजोबा हॉस्पिटलमध्ये वारले.

त्या अर्ध्या मिनिटाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं असावं हे सिस्टरनाही कळत होतं. त्यांना खात होतं ते वेगळंच.

“माझ्या देशात मी ओरडले असते,” त्या म्हणाल्या. “इथे मी आधी वाक्य तपासते.”

मला लाज वाटली. नुसती त्यांच्यासमोर नाही. वर्गात हात वर करून अर्ध्यातच खाली घेणारी मुलं मला आठवली. ती मला तेव्हा आळशी वाटायची. अकरा वर्षांत अशा किती तोंडांना मी कुलूप घातलं असेल, देव जाणे.

चूक माझी आहे, असं मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. परीक्षेला बसणार नाही, एवढंच म्हणाल्या. म्हाताऱ्यांना भरवायला बोलावं लागत नाही.

बसा म्हणायचा मला हक्क उरला नव्हता. मी फक्त विचारलं, जन्मल्यावर बाळ रडलंच नाही, तर तुम्ही काय करायचात? आधी त्या तुटक बोलायला लागल्या, मग गळ्यातला स्कार्फ काढून बाळासारखा तळहातावर घेतला आणि कसं पुसायचं, कसं चोळायचं, केव्हा घाबरायचं ते सांगत सुटल्या. काळाचा मेळ नाही, क्रियापदांचा धरबंध नाही. मी दातांखाली जीभ धरून ऐकत होते. चोळूनसुद्धा न रडलेल्या एका बाळापाशी आल्या आणि थांबल्या. मला सगळं कळलं होतं.

त्यानंतर दर शनिवारी मी फक्त विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. मार्चच्या शेवटी त्या आपण होऊन म्हणाल्या, फॉर्म भरलाय.

एप्रिलमध्ये मीच त्यांना परीक्षेला गाडीने घेऊन गेले. निकाल पुढे लागला. बोलण्यात अर्ध्या गुणाने राहिल्या, आता परत बसणार आहेत. पण त्या दिवशी त्या बाहेर आल्या तेव्हा मी पार्किंगमध्ये उभी होते आणि कशी गेली हे विचारायचं मला धाडस होत नव्हतं.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “वेळ संपली म्हणून त्यांनी मला थांबवलं. मी अजून बोलत होते.”