पिवळ्या हौदाचा जावई

"जावईबापू, चुना तुम्हीच टाकलात ना? मग आता त्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाय."

मावशीनं आवाज चढवला नाही, पण ओढ्याकडे पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं चाक मात्र दोन्ही हातांनी धरून ठेवलं. नळांना क्रोमची चकाकी देणाऱ्या कारखान्याचं धुवण आठ वर्षं तिच्याच हौदात येतं. त्यातलं विष मारायचं, मगच पाणी ओढ्यात सोडायचं. ओढ्यावर खालच्या वस्तीची गुरं पाणी पितात.

सुपरवायझर तिचा सख्खा जावई. हौद भरत आला आणि मावशी भाकरी खायला गेली, तेवढ्यात त्यानं चुन्याची दोन पोती ओतली. गाळ बसेना. पाणी पिवळंधमक ते पिवळंधमकच.

चुना आधी काय नि नंतर काय, असं तो म्हणाला. मावशी म्हणाली, चहात चालतं तसलं, हौदात नाही. पिवळ्या पाण्यातल्या क्रोमचे सहा इलेक्ट्रॉन गेलेले असतात. तो ऑक्सिजनला घट्ट धरून पाण्यात मोकाट हिंडतो. आपल्या विष मारायच्या पावडरीनं त्यातले तीन परत दिले, की धरलेला ऑक्सिजन सुटतो, पाणी हिरवं होतं, आणि मगच चुना त्याला तळाशी बसवतो. ही देवघेव आंबट पाण्यात होते. तुम्ही तर सगळा आंबटपणाच मारून टाकलात.

वरून धुवण येतच होतं. काठाला चार बोटं उरली होती, पलीकडे लगेच ओढा.

"वर जाऊन लाईन बंद करा. मालकांनी विचारलं तर माझं नाव सांगा."

"तुमचं कशाला, चुना मी टाकलाय," असं पुटपुटत तो पळाला.

मावशीनं अॅसिड हळूहळू सोडलं. पाणी फसफसून चढलं, दोन बोटं उरली. तिनं हात आखडला. वरची धार तुटली तेव्हा कुठं तिनं पुन्हा कॅन उचलला. आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी लाल झाल्यावर पावडर टाकली, नाकाला पदर लावून ढवळत राहिली. तपासायच्या औषधात हौदातल्या पाण्याचा थेंब टाकला, तर जांभळा. म्हणजे विष जिवंत. आणखी पावडर. पुन्हा जांभळा, पण फिका. जावई धापा टाकत शेजारी येऊन उभा राहिला.

तिसरा थेंब जांभळा झालाच नाही. हौद शेवाळासारखा हिरवा झाला होता.

"आता टाका चुना. एक घमेलं. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

त्यानं घमेलं भरलं. गाळ खाली बसू लागला, तशी मावशी खराटा घेऊन धुवण येतं तिथली तुंबलेली जाळी घासायला गेली.